सप्रेम भेट दिलेला अहवाल

हिंगोली जिल्हा नवा नवा झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. मी तालुक्याच्या गावी एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होते. नोकरीला दोन वर्षं होत आली होती, पण कायम केल्याचा कागद अजून हातात पडला नव्हता. माझं माहेर जवळा बाजारच्या अलीकडच्या एका खेड्यातलं. आमच्या घरात कुणाला कधी कुणी 'मॅडम' म्हटलं नव्हतं. त्यामुळं ती हाक कानावर पडली की मला आतून बरं वाटायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्याचं मूळ बरंचसं या बरं वाटण्यात आहे.

पहिल्या वर्षाच्या वर्गात मी फळ्यावर तीन वर्तुळं काढायची. एकात कायदेमंडळ, दुसऱ्यात कार्यकारी मंडळ, तिसऱ्यात न्यायमंडळ. वर्तुळं एकमेकांना चिकटणार नाहीत याची काळजी घ्यायची. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, मंडळं तीन हायेत, पण आरतीला समदे एकाच जागी जमतेत." वर्ग हसला. मीही हसले आणि पुढं शिकवू लागले.

जिल्हा झाला तशा तालुक्यालाही नव्या कचेऱ्या हव्या झाल्या. आमच्या गावातलं कोर्ट निजामाच्या वेळच्या एका इमारतीत भरायचं. वर पत्रे, खाली उखडलेली फरशी, आणि पक्षकारांना उभं राहायला बाहेर लिंबाचं झाड. उन्हाळ्यात आतली माणसं वाळवणासारखी सुकायची. मग वरून ठरलं, की गावाबाहेर एक मोठी इमारत बांधायची. तिच्यात कोर्ट, शेजारी न्यायाधीशांचं घर, आणखी चार कचेऱ्या. त्यासाठी पाहिली गेली ती जागा गायरानाची होती आणि त्या गायरानावर एक तांडा होता.

तीसेक घरांचा तांडा. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर हिंडणारे. केव्हातरी त्यांचं हिंडणं थांबलं आणि ती माणसं इथं टेकली. आता ती कापूस, ज्वारी पिकवायची. दिवाळी झाली की धडधाकट माणसं ऊसतोडीला जायची आणि पाडव्याच्या सुमाराला परतायची. म्हातारी, लेकरं आणि शेळ्या मागं राहायच्या.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मला माहीत झालं ते त्या पाहणीमुळं.

एके दिवशी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तिथं प्रांतसाहेब बसले होते. चाळिशीचे, शांत बोलणारे, हातात पुस्तक असलेले. अधिकाऱ्याच्या हातात पुस्तक मी पहिल्यांदा पाहत होते. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या विद्यार्थ्यांकडून गायरानावरच्या तांड्याची सामाजिक पाहणी करून घ्या. शासनाकडं अशा लोकांची धड माहितीच नसते. तुमच्या पुढच्या अभ्यासालाही उपयोग होईल."

मी प्रश्नावली केली आणि त्यांना दाखवायला नेली. त्यांनी ती लक्ष देऊन वाचली आणि म्हणाले, "स्थलांतराचा एक प्रश्न टाका. वर्षातले किती महिने इथं राहता? आजकाल स्थलांतरावर चांगला अभ्यास होतोय." मला त्यांच्या वाचनाचं कौतुक वाटलं. मी प्रश्न टाकला.

आम्ही गेलो ते माघात. बहुतेक दारांना कड्या होत्या. तांड्याच्या नाईकानं आम्हाला बाजेवर बसवलं. डोक्याला तांबडं मुंडासं, गुडघे दुखतात म्हणून ऊसतोडीला न गेलेला म्हातारा. त्याच्या बायकोनं, नायकणीनं, काळा चहा दिला. तिच्या हातभर पांढऱ्या बांगड्यांचा, बलोयांचा, आवाज व्हायचा. ती माझ्याजवळ उकिडवी बसली आणि म्हणाली, "बाई, हे समदं लिवून काय करणार?"

"अभ्यास."

"अभ्यास म्हंजे लेकरं करतेत तसा?"

"तसाच," मी हसून म्हणाले. "तुमची माहिती सरकारला व्हावी म्हणून."

"सरकारला आमची माहिती हाय की. मतं मागायला बराबर येतेत."

मी ते वाक्यसुद्धा लिहून घेतलं. मला ते मजेशीर वाटलं.

अहवाल मी हिंगोलीला जाऊन टाइप करून घेतला. पारदर्शक कव्हर, कडेला स्पायरल. माझं नाव छापलेलं ते पहिलंच काही. एक प्रत प्राचार्यांना दिली, एक स्वतःला ठेवली आणि तिसरीच्या पहिल्या पानावर शाईच्या पेननं लिहिलं, 'मा. प्रांतसाहेबांना सप्रेम भेट'. खाली सही केली. ती प्रत मी स्वतः कचेरीत नेऊन दिली. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "असे अभ्यासक शासनाला पाहिजेत." परत येताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

पाडव्यानंतर तांडा भरला आणि त्याच आठवड्यात घरोघर नोटिसा लागल्या. अतिक्रमण आहे, अमुक दिवसांत जागा मोकळी करा. तांड्यानं कोर्टात दावा घातला. गावातल्या एका बऱ्यापैकी नावाजलेल्या वकिलानं तो फी न घेता चालवायला घेतला, असं ऐकलं. मला वाटलं, चला, भली माणसं आहेत अजून.

ते वकील एका दुपारी आमच्या स्टाफरूममध्ये आले. त्यांनी माझ्यापुढं झेरॉक्सचा कागद ठेवला. सरकारच्या शपथपत्राचं पान होतं ते. त्यात लिहिलं होतं, की स्थानिक महाविद्यालयातल्या तज्ज्ञ अभ्यासकाच्या अहवालानुसार या वस्तीतील बहुसंख्य कुटुंबं वर्षातला निम्मा काळ या ठिकाणी राहत नाहीत, सबब त्यांना कायमचे रहिवासी म्हणता येणार नाही.

"वाक्य तुमचं आहे?" वकिलांनी विचारलं.

पहिला अर्धा भाग माझाच होता. पण माझ्या अहवालात त्याच्या पुढं आणखी एक वाक्य होतं. ही माणसं ऊसतोडीला जातात, त्यांची घरं, म्हातारी माणसं, जनावरं इथंच असतात आणि ती दरवर्षी इथंच परत येतात, असं. ते वाक्य गाळलं होतं. आणि 'सबब'पासूनचं तर मी कुठंच लिहिलं नव्हतं.

माझा पहिला संशय प्राचार्यांवर गेला. कोणता परिच्छेद कामाचा आहे हे त्यांनीच दाखवून दिलं असणार. मी त्यांना विचारायला गेले. ते चष्मा पुसत होते.

"सर, हे वाक्य अर्धंच घेतलंय."

"पण घेतलंय ते तुमचंच आहे ना?"

"अर्धं आहे, सर."

"हे बघा," ते म्हणाले, "अभ्यासकानं अभ्यास करावा. त्याचं पुढं काय करायचं ते ज्याचं त्यानं बघावं. तुमच्या कायम होण्याचा विषय येत्या बैठकीत आहे. कॉलेजच्या माणसानं राजकारणात पडू नये, एवढंच सांगतो."

तांड्यावर जायचं धाडस मी दोन दिवसांनी केलं. गेले तेव्हा नायकण दारात ज्वारी पाखडत होती. तिनं मला पाहिलं आणि पाखडत राहिली. या खेपेला बाज कुणी टाकली नाही.

"मी तसं लिहिलं नव्हतं," मी म्हणाले.

"मंग कुणी लिवलं?"

"म्हणजे लिहिलं होतं, पण त्याच्या पुढंही होतं काही."

तिनं सूप खाली ठेवलं. "बाई, तू इचारत व्हतीस, आमी सांगत व्हतो. तू लिवताना हासत व्हतीस. आता तू म्हणतीस पुढं बी काही व्हतं. आमाला वाचता येत न्हाई. आमी कशावरून धरावं?"

नाईक आतून बाहेर आला. तो म्हणाला, "जाऊ दे. बाईला बी कुणी तरी पाठीवलंच आसंल. तवा त्यांनी पाठीवलं, आता दुसऱ्यानं पाठीवलं आसंल."

मी म्हणाले, "मला कुणी पाठवलं नाही."

"आसं कसं?" तो अगदी शांतपणे म्हणाला. "बिगर पाठवता कोण येतंय इथं?"

त्या रागातच मी वकिलांकडं गेले आणि शपथपत्र केलं. रागातच म्हणायचं, कारण धैर्य वगैरे माझ्यात काही नव्हतं. मला माझा अहवाल पूर्ण वाचला जायला हवा होता. लोकांवर अन्याय होतो याचं दुःख होतंच, पण माझं वाक्य कुणी तोडलं याचा संताप जास्त होता. आज वळून पाहताना हे मान्य करायला हरकत नाही.

तारखेच्या दिवशी सगळा तांडा लिंबाखाली बसला होता. बायका आपल्या बोलीत हळू आवाजात बोलत होत्या. माझ्याशी कुणी बोललं नाही. प्रांतसाहेब व्हरांड्यात सरकारी वकिलांबरोबर उभे होते. मला पाहून त्यांनी नमस्कार केला. त्या नमस्कारात राग नव्हता, आणि त्यामुळंच मला तो खोटा वाटला.

आमच्या गावात तेव्हा एकच दिवाणी न्यायाधीश होते. पन्नाशीकडं झुकलेले, जाड भिंगांचे, गावात कुणाकडं चहालासुद्धा न जाणारे. भाजी आणायला स्वतः जायचे, पण भाव करताना कुणी त्यांना पाहिलं नव्हतं. तरी गावात बोललं जायचंच. कुणी म्हणायचं, साहेब कडक आहेत. कुणी म्हणायचं, कडक आहेत म्हणजे महाग आहेत. पुरावा कुणाकडंच नव्हता.

शिपायानं पुकारा केला. आम्ही आत गेलो. पत्रे तापले होते. न्यायाधीशांनी माझं शपथपत्र वाचलं आणि मग सरकारनं हजर केलेला मूळ अहवाल मागवला. तो माझा स्पायरलचा अहवाल होता. त्यांनी पहिलं पान उघडलं आणि थांबले.

"मॅडम, पुढं या. हा अहवाल तुम्ही कशासाठी केला?"

"अभ्यासासाठी, सर."

"मग तो कचेरीत कसा गेला?"

मला तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलता आलं. त्यांनी पान माझ्याकडं वळवलं आणि मोठ्यानं वाचलं, "'मा. प्रांतसाहेबांना सप्रेम भेट.' अक्षर तुमचंच ना?"

मागं वकील मंडळी हसली. मी "हो" म्हणाले. माझे कान तापले होते. महिनाभर मी प्राचार्यांवर, त्यांच्या कारकुनावर, टाइप करणाऱ्यावर संशय घेत होते. भेट दिलेली वस्तू ज्याला दिली त्यानं वापरली, एवढीच साधी गोष्ट होती.

"एखाद्या वस्तीविषयी मजकूर लिहायचा आणि ज्याला त्या वस्तीची जागा पाहिजे त्याला तो सप्रेम द्यायचा," न्यायाधीश म्हणाले, "याला अभ्यास म्हणतात का, हे तुम्ही मला सांगू नका. तुमच्या मुलांना सांगा." मग त्यांनी गाळलेलं वाक्य आपल्या हातानं टिपून घेतलं आणि मला बसायला सांगितलं.

मला वाटलं, झालं. पण त्यांनी चष्मा काढला आणि तांड्याच्या नाईकाला पुढं बोलावलं.

"ही जागा सरकारला कशासाठी पाहिजे, तुम्हाला माहीत आहे?"

नाईकानं मुंडासं काढून काखेत धरलं होतं. तो म्हणाला, "व्हय साहेब. तुमच्यासाठी."

तांड्याच्या वकिलांनी खाली मान घातली. ही गोष्ट गावातल्या प्रत्येक माणसाला माहीत होती आणि दाव्याच्या एकाही कागदावर नव्हती. त्या वकिलांना रोज याच न्यायाधीशांपुढं उभं राहायचं होतं. सरकारी वकिलांना तर विचारायलाच नको. आणि मी? मी तीन वर्तुळं काढणारी. माझ्याही शपथपत्रात ते नव्हतं.

"म्हणजे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"म्हंजे कोर्ट बांधायचं हाय. तुमचं घर बी तिथंच व्हणार हाय म्हणतेत."

"मग हा दावा माझ्यापुढं चालावा, असं तुम्हाला वाटतं का?"

नाईकानं विचारलं, "खरं सांगू का साहेब?"

"खरंच सांगा."

"न्हाई वाटत. ज्याला घर पायजेल त्यालाच कसं इचारावं, घर कुणाचं म्हणून?" मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तो पुढं म्हणाला, "पर दुसरा साहेब आला तरी तो बी तुमच्यातलाच आसंल. तवा तकलीफ घेऊ नका."

मागून कुणीतरी "अरे" म्हणालं. मला वाटलं आता न्यायाधीश संतापतील. त्यांनी चष्मा परत लावला आणि बराच वेळ लिहीत राहिले. मग वाचून दाखवलं. पुढचा आदेश होईपर्यंत जागा जैसे थे राहील. वादी पक्षाला या न्यायालयाविषयी विश्वास वाटत नाही आणि त्याचं कारण वाजवी आहे, म्हणून हा दावा दुसऱ्या न्यायालयाकडं देण्याविषयी जिल्हा न्यायाधीशांना कळवण्यात येत आहे.

बाहेर आल्यावर नायकणीनं नवऱ्याला विचारलं, "जितलो का हारलो?" तो म्हणाला, "काही कळंना. साहेबांनी हात काढून घेतला."

गावात चार दिवस हीच चर्चा. कुणी म्हणालं, काय माणूस आहे, स्वतःविरुद्ध लिहून दिलं. कुणी म्हणालं, कसलं काय, इकडं आड तिकडं विहीर झाली म्हणून पळ काढला. प्राचार्यांचं मत दुसऱ्या बाजूचं. मला त्या न्यायाधीशांविषयी आदर वाटला होता, पण तोही टिकला नाही. कारण महिन्याभरात त्यांची बदली झाली. उन्हाळ्यातली नेहमीची बदली होती, असं सगळे म्हणाले. बदली होणार हे त्यांना आधीच ठाऊक असेल का? जे घर आपल्याला मिळणारच नव्हतं, त्याचा मोह सोडणं सोपं गेलं असेल का? असले प्रश्न माझ्या मनात येत आणि मला माझीच लाज वाटे. पण येत हे खरं.

प्रांतसाहेबही त्याच सुमाराला बदलले. जाण्याआधी ते मला एसटी स्टँडसमोर भेटले. मी नजर चुकवून निघाले होते, तर त्यांनीच थांबवलं.

"मॅडम, माझ्यावर राग आहे ना?"

"तुम्ही माझं वाक्य तोडलंत."

"शपथपत्र वकिलांनी केलं. सही माझी होती, म्हणजे तोडलं मीच." ते म्हणाले, "गायरानाची जागा सरकारची होती. फुकटची होती. ती आता हातची जाईल. मग दुसरी कोणती जागा पुढं येते, तेवढं बघा."

मला ती धमकी वाटली. मी निघून आले.

इकडं माझ्या कायम होण्याची बैठक पुढं ढकलली गेली. मी धरून चालले होते, की आता नोकरी जाणार. मग एक दिवस संस्थेच्या अध्यक्षांचा निरोप आला. अध्यक्ष म्हणजे आमच्या भागातले मोठे पुढारी. गाव त्यांना भाऊ म्हणायचं. त्यांच्या बैठकीत मी पहिल्यांदाच गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, आतून भाकरी-ठेचा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, तुमी बराबर केलं. गरिबाच्या पाठीमागं शिकल्या-सवरल्या माणसानं उभं ऱ्हायलाच पायजे. प्राचार्यांचं मनावर घेऊ नका. मी बोललो त्यांना."

आठवड्यात माझा कागद आला. प्राचार्य हसून पेढे मागू लागले. मला वाटलं, खरं बोललं की असं होतं. मी घरी आईला सांगितलं, वर्गात आडवळणानं सांगितलं, आणि दोन-तीन वर्षं स्वतःलाही सांगत राहिले.

दावा दुसऱ्या तालुक्याच्या कोर्टात गेला. तांड्याची माणसं तारखेला एसटीनं जायची. मी दोनदा गेले. तिथल्या न्यायाधीशांपुढं भरपूर गर्दी होती. त्यांनी आमच्याकडं नीट पाहिल्याचं मला आठवत नाही. निकाल लागला तेव्हा पाच-सात मिनिटांत सांगून टाकला. पर्यायी जागा दिल्याशिवाय आणि कायद्यातली सगळी पावलं उचलल्याशिवाय या लोकांना उठवता येणार नाही. माझ्या अहवालाविषयी निकालात एकच ओळ होती. सदर अहवाल कोणत्याही बाजूनं विश्वासार्ह मानता येत नाही.

तांडा राहिला. नाईकानं मला गूळ दिला. मात्र देताना म्हणाला, "आमचे वकील लई भले निघाले. काहून आसतील, काही कळत न्हाई."

ते पुढच्या वर्षी कळलं. नव्या इमारतीसाठी गावाच्या दुसऱ्या अंगाला, डांबरी रस्त्याच्या कडेची जमीन ठरली. ती खाजगी जमीन होती आणि सरकारनं ती रीतसर विकत घेतली. जमीन भाऊंच्या मेहुण्याची होती. तिच्या आजूबाजूची जी जमीन उरली, तीही त्याच घरात होती, आणि कोर्ट येणार म्हटल्यावर तिथं झेरॉक्सवाल्यांपासून हॉटेलवाल्यांपर्यंत सगळे जागा मागू लागले. तांड्याचे वकील भाऊंच्या बैठकीतले होते, हेही मला तेव्हाच कळलं. म्हणजे गावाला ते पूर्वीपासून माहीत होतं. फक्त मला सांगावं असं कुणाला वाटलं नव्हतं.

मी स्टाफरूममध्ये एकटीच बसून राहिले. गायरानाचा दावा सरकारनं जिंकला असता तर इमारत तिथंच झाली असती. तो अडकला म्हणून ही जमीन पुढं आली. माझं शपथपत्र, माझा राग, माझं अख्खं वाक्य, हे सगळं कुणाच्या तरी उपयोगाचं होतं. पहिल्यांदा मी साहेबांच्या कामी आले, दुसऱ्यांदा भाऊंच्या. बिगर पाठवता कोण येतंय, असं नाईक म्हणाला होता. मला पाठवणारा मलाच ठाऊक नव्हता.

तांडा वाचला ते चांगलंच झालं. हे मी स्वतःला शंभरदा सांगितलं आणि ते खरंही आहे. पण चांगलं झालं ते का झालं, हे कळल्यावर त्याची चव बदलते. माझ्या कायमच्या कागदाची तर बदललीच. मी तो कागद परत केला नाही. नोकरी केली. वर्गात तीन वर्तुळं काढत राहिले, पण आता मुलांना विचारू लागले, की या तिघांना शिकवणारा, लिहून देणारा माणूस कुठं उभा असतो? मुलं म्हणायची, बाहेर.

काही वर्षांनी नव्या प्रांतसाहेबांकडून पत्र आलं. तांड्याला पर्यायी जागा द्यायची की आहे तिथंच नावावर करून द्यायची हे ठरवायचं होतं, आणि त्यासाठी कॉलेजनं पुन्हा पाहणी करावी, असं. तोवर प्राचार्य बदलले होते. मी म्हणाले, करते, पण एका अटीवर. अहवाल आधी तांड्यावर वाचून दाखवीन, मग कचेरीत जाईल. नवे प्राचार्य म्हणाले, "वाचा ना. त्यांना काय कळणार आहे?"

पाहणी या वेळी मी पाडव्यानंतर केली. अहवाल लिहून झाल्यावर एका संध्याकाळी देवळापुढच्या ओट्यावर बसले आणि वाचू लागले. नाईकाला आता फारसं ऐकू येत नसल्यामुळं तो पुढं सरकून बसला होता. नायकणीचे केस पिकले होते. शाळेत जाणारी दोन मुलं माझ्या खांद्यावरून कागदात डोकावत होती, मी लिहिलंय तेच वाचते की नाही ते बघायला. त्यांना तसं सांगून बसवलं होतं, हे माझ्या लक्षात आलं.

"...काही कुटुंबांनी आता हिंगोलीत भाड्यानं खोल्या घेतल्या असून त्यांची मुलं तिथं शिकतात," मी वाचलं.

"हे काढ," नायकण म्हणाली.

"का? खरं आहे ना?"

"खरं हाय."

"मग राहू दे की. चांगलीच गोष्ट आहे. लेकरं शिकतायत."

"आज चांगली हाय. उद्या कुणी म्हणंल, यांची घरं तर तिकडं हायेत. काढ ते."

मी पेन काढलं. नाईक म्हणाला, "आमी सांगतो म्हणून काढू नको बाई. तुला पटत आसंल तर काढ." मला पटत नव्हतं. अभ्यास म्हणून ते वाक्य सगळ्यांत मोलाचं होतं. तिथं शिकणाऱ्या मुलांपैकी दोन मुली बारावीत होत्या आणि तांड्याचं सगळं बदलायला लागलं होतं ते तिथूनच.

मी वाक्यावर रेघ मारली. पाठोपाठ आणखी चार वाक्यं गेली. विहिरीचं एक, दारूचं एक, मोटारसायकलींचं एक, दोन भावांच्या भांडणाचं एक. शेवटी जे उरलं ते नाईकानं माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं आणि मान हलवली. खांद्यामागच्या मुलानं नायकणीला आपल्या बोलीत काहीतरी सांगितलं, बहुधा 'बरोबर वाचलं' असं.

अहवाल कचेरीत गेला. निम्म्या घरांच्या नावावर जागा झाली, उरलेल्यांची प्रकरणं मी निवृत्त झाले तेव्हाही चालू होती. नव्या प्राचार्यांनी तो अहवाल चाळून म्हटलं होतं, "मॅडम, यात फारसं काहीच नाही."

"नाही, सर," मी म्हणाले. आणि ती काढलेली वाक्यं असलेला, रेघा मारलेला कच्चा खर्डा माझ्या पर्समध्ये होता, तो मी घरी गेल्यावर फाडून टाकला.